प्रतिसाद: शासकीय इमारतीच्या विस्ताराला परवानगी लागत नाही?

शासकीय रुग्णालयाला वाढीव मजल्यासाठी महापालिकेकडे जावेच लागत नाही, हे या चर्चेत वर केलेले विधान अर्धेच खरे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 58 नुसार संबंधित विभागाने काम सुरू करण्यापूर्वी किमान 30 दिवस नियोजन प्राधिकरणास (म्हणजे येथे महापालिकेस) नकाशांसह लेखी कळवावे लागते. प्राधिकरणाने हरकत घेतल्यास आराखडा सुधारावा लागतो, नाहीतर प्रकरण राज्य शासनाकडे जाते. खासगी संस्थेच्या शाळेला ही वाट नाही, तिला रीतसर परवानगीच हवी.

कोल्हापुरात खरी अडचण पंचगंगेच्या पूररेषांची आहे, जिचा उल्लेख येथे अद्याप कोणी केलेला नाही. निळ्या रेषेच्या (अधिक वेळा येणाऱ्या पुराची हद्द) व लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) मधील बांधकाम, त्याचे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर उंच असेल तरच मंजूर होते. आमच्या शाळेची जुनी इमारत त्या नियमाआधीची असल्याने नव्या वर्गांची फरशी जुन्या इमारतीच्या फरशीपेक्षा सव्वा मीटर वर गेली, आणि दोन्ही जोडण्यासाठी 1:12 उताराचा (1 मीटर चढाला 12 मीटर लांबी), म्हणजे मधले सपाट टप्पे सोडूनच 15 मीटर लांबीचा, उतारमार्ग घालावा लागला. खो-खोचे निम्मे मैदान त्यातच गेले, जे मूळ अंदाजपत्रकात कुणीच धरले नव्हते.