गाडी डावीकडे ओढते, दोनदा अलाइनमेंट करूनही! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
२०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ८२ हजार किमी झालेली. महिनाभर डावीकडे ओढतेय. आंबा घाटात एक खड्डा सणकून लागला होता, म्हणून सगळा दोष त्यालाच दिला. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केली, फरक शून्य. दुसरीकडे परत केली. तिथल्या पोराने स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे दाखवले, "साहेब, गाडी एकदम सरळ आहे." गाडीला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

रस्त्याला पाणी जायला डावीकडे उतार असतो, हे माहीत आहे. म्हणून एका रिकाम्या सपाट मैदानावर हळू वेगात स्टेअरिंग सैल सोडून पाहिलं, मग उलट दिशेने. दोन्ही वेळा डावीकडेच. हवा चारही चाकांत ३३ psi, टायर गार असताना मोजलेली. पुढचे टायर डावे-उजवे बदलले. टायरमध्ये खोट असती तर ओढ उजवीकडे गेली असती. तीही नाही.

पहिले पाच-सात किमी बरी चालते, मग ओढायला लागते. अ‍ॅव्हरेज १७ वरून १४ वर आलंय. मेकॅनिक म्हणतो, दोन्ही लोअर आर्म (पुढची चाकं खालून धरणारे दांडे) नवे टाकू. अंदाजपंचे खर्च करायची इच्छा नाही. काय करू?

प्रतिसाद १
"आधी बरी, मग ओढते" यातच उत्तर आहे. लोअर आर्मचा रबरी बुश गेला असता तर गाडी गेटातून निघाल्यापासून ओढली असती. डावा ब्रेक धरून राहत असणार. १५ किमी फिरवा, शेवटी ब्रेक कमीत कमी दाबा आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या. लावू नका, चटका बसेल, नुसती धग कळते. मग गरम असतानाच मागच्या चाकांना दगड लावून पुढचं चाक जॅकवर घ्या आणि न्यूट्रलमध्ये हाताने फिरवा. ब्रेक पॅडची बारीक खसखस चालेल, जड नको.

प्रतिसाद २
सहमत. फक्त ब्रेक दाबल्यावर डावीकडे गेली असती तर मी उजवा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बघायला सांगितलं असतं, कारण तो पकडत नाही म्हणून डावा एकटा खेचतो. इथे न दाबताच खेचतेय. चाक अडकलेलं असताना ब्लीडर निपल (कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) सैल करून बघा. चाक मोकळं झालं तर होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आतून फुगलाय, नाही झालं तर पॅड ढकलणारा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना अडकल्यात.

धागाकर्ता
डावं रिम तापलेलं, उजवं कोमट! चाक दोन्ही हातांनी रेटावं लागलं. निपल उघडूनही तसंच. कॅलिपर उतरवला तर आतलं पॅड पत्र्यापर्यंत आलेलं, बाहेरचं अर्धं शिल्लक. खालच्या स्लाइड पिनचा रबरी बूट फाटलेला, पावसाचं पाणी जाऊन पिन गंजलेली. पकडीने पिळून काढावी लागली. पिस्टन मात्र सहज मागे गेला.

मेकॅनिक पिनेला साधं चाकाचं ग्रीस चोपडत होता, त्याने रबर फुगतं म्हणून थांबवलं. ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस, नवे बूट आणि दोन्ही बाजूंना नवी पॅड टाकली. लोअर आर्म जुनेच. काल कराडपर्यंत जाऊन आलो, सरळ चालतेय.

आता एकच शंका: डाव्या डिस्कवर निळसर डाग पडलेत. जाडी डिस्कवर कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा जास्त आहे, पेडलही थरथरत नाही. तशीच ठेवू की जोडी बदलू?