मांजर गवती चहा खातंय, कुंडी ठेवू की काढू?

मनीची_आई
गॅलरीत गवती चहाची मोठी कुंडी आहे, सासूबाईंचा सकाळचा चहा त्याशिवाय होत नाही. आमची मनी (वय आठ महिने) येता-जाता पात्या चावते आणि अधूनमधून सोफ्यामागे ओकून ठेवते. ओकारीत पात्या जशाच्या तशा! कुणी विषारी म्हणतं, कुणी म्हणतं खाऊ दे. शेजारी सायकस, मनी प्लांट, कोरफड आणि मोगराही आहे. काय काय हलवू?

टेरेसवाला
आमचा बोका वर्षानुवर्षं खातोय, ठणठणीत आहे. मांजरं गवत खाणारच. सोडून द्या.

कुंडीतली_माती
इतकं सरसकट नको हो. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणी-संरक्षण संस्थेच्या यादीत गवती चहा मांजरांना विषारी म्हणूनच आहे. त्रास बहुधा पोट बिघडण्यापुरताच, पण पात्या चिवट. फार खाल्ल्या तर आतड्यात अडकू शकतात. कुंडी उंच टांगा, सासूबाईंचा चहा चालू राहू दे. गवती चहाचं तेल टाकून लादी पुसत असाल तर ते मात्र बंद करा, मांजरांच्या यकृताला असली तेलं झेपत नाहीत. मनीला चघळायला पसरट कुंडीत गहू पेरा, नवरात्रात घटाला पेरतो तसेच.

पण ताई, तुमच्या यादीतलं खरं संकट सायकस आहे. दिसतं पामसारखं, पाम नव्हे. पानं, मुळं, बुंधा, सगळंच विषारी, बिया सर्वांत जास्त. यकृत निकामी होऊन मांजर दगावतं. आजच हलवा. पामच हवा असेल तर अरेका आणा, तो चालतो.

मनी प्लांट चावला तर तोंड चुरचुरतं, लाळ गळते. खाजरा अळू खाल्ल्यावर आपल्याला होतं तेच, कारणही तेच. कोरफडीने उलट्या-जुलाब होतात. मोगरा बिनधास्त ठेवा.

सोनपापडी
बुकेतल्या लिलीचंही सांगून ठेवते. एशियाटिक, ओरिएंटल कुठलीही असो, घरात नकोच. अंगावर सांडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराच्या किडन्या जातात. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी तडक डॉक्टर गाठा, लक्षणांची वाट बघू नका. आणि मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उद्योग अजिबात नको, त्यानेच जीव जायचा.

टेरेसवाला
बापरे. आमच्या हॉलमध्ये पीस लिली आहे, तीपण का?

सोनपापडी
नाही, ती नावाचीच लिली. मनी प्लांटसारखा त्रास, किडनीला धोका नाही. तरी बोक्याच्या वाटेत ठेवू नका.

मनीची_आई
सायकस खाली पार्किंगमध्ये ठेवलं तर?

कुंडीतली_माती
खाली भटकी मांजरं-कुत्री असतील की! कुत्र्यांनाही ते तितकंच विषारी. ज्यांच्याकडे प्राणी नाहीत आणि लहान मुलंही नाहीत अशा कुणाला तरी द्या, आणि विषारी आहे हे सांगून द्या.