हेरांना लुबाडणाऱ्यांना मराठीत काय म्हणावं?

मांडवी : एका इंग्रजी हेरकथेचं भाषांतर करतेय. दोनशे पानं झाली, पण एका शब्दावर पहिल्या पानापासून अडलेय. कथेत एक टोळी आहे. परक्या शहरात खोट्या नावाने राहणारे हेर ती हुडकून काढते. कुणी दारूचा व्यापारी म्हणून राहतोय, कुणी भाषेचा शिक्षक म्हणून. टोळी त्यांना शत्रूला विकत नाही, नुसती पिळते. आज पैसे, उद्या घड्याळ, परवा घरच साफ. खोट्या नावाचा माणूस पोलिसात जाऊन काय सांगणार?

मूळ लेखकाने या टोळीला एक सुटसुटीत शब्द दिलाय आणि तो दर पानावर येतो. आमचे संपादक म्हणतात 'गुप्तहेरांचे शिकारी'. मला ते हेरांनी पदरी बाळगलेले शिकारी वाटतात. मी 'हेरमार' केलं, तर समासात तांबड्या पेनाने शेरा आला : 'मच्छीमार?' सुचवा काहीतरी.

कोशकिडा : आधी त्या 'गुप्तहेर'मधला 'गुप्त' काढा. उघड हेर कुणी पाहिलाय? पिवळा पीतांबर आहे हा. 'हेर' एकटा पुरेसा आहे आणि चांगला जुना आहे. प्राकृतात 'हेरइ' म्हणजे बघतो, संस्कृत कोशांनीही 'हेरिक' नोंदवून ठेवलाय.

'हेरमार' मात्र चोख. पाकीटमार पाकिटाचा जीव घेत नाही, वाटमाऱ्या वाटेचा घेत नाही. बखरींत सुरत 'मारली' म्हणतात ती याच अर्थाने. 'मारणे'त लुबाडणं पूर्वीपासून आहे. संपादकांना सांगा, मासळीबाजाराच्या बाहेरही मराठी आहे.

पागवाला : मच्छीमाराक काय झाला गे बाय? आमी काय चोर? पण तुझो संपादक चुकलो नाय. मासेमार म्हटल्यार मासो मरता. हेरमार म्हटल्यार हेर मरतलो, असाच वाटतला वाचणाऱ्याक. आमच्या मालवणात सरळ 'चोरार मोर' म्हणतत.

टाकदौत : चोरावर मोर म्हणजे चोराला भेटलेला सवाई चोर. राज्यासाठी जीव धोक्यात घालणारा हेर चोर कसा? आणि दर पानावर म्हण घालणार का? मी सुचवतो : 'हेरभक्षक'. अर्थवाही, समासात बसणारा. हसू नका. सावरकर 1924 ते 1937 आमच्या रत्नागिरीत होते, तेव्हा भाषाशुद्धीलाही लोक हसत होते. आज 'दिनांक' कुणाला खुपतो?

कोशकिडा : 'दिनांक' खुपत नाही, पण तोंडाने आपण 'तारीख'च विचारतो. शिवाय 'हेर' प्राकृत, 'भक्षक' संस्कृत. एवढं सोवळं पाळायचं तर कौटिल्याकडेच जा. त्याचा हेर 'गूढपुरुष'. मांडवीताईंचा दारूचा व्यापारी म्हणजे 'वैदेहक', व्यापाऱ्याच्या वेषातला हेर. दोन्हीकडून पगार खाणारा 'उभयवेतन'. हा शब्द मला फार आवडतो, आपल्याकडच्या बऱ्याच जणांना लागू पडेल. विष घालणारा तो 'रसद', आणि आपण आज सैन्याला खुशाल रसद पुरवतो. (ती रसद फारसीतली, वेगळी. घाबरू नका.) पण हेरांना लुबाडून पोट भरणारा त्या यादीत नाही.

जेटी : मी भाषातज्ज्ञ नाही. सत्तरच्या दशकात एका खाडीच्या तोंडाशी कस्टममध्ये कारकून होतो. तेव्हा रात्री सोनं आणि घड्याळं उतरायची, चांदी बाहेर जायची. खबर देणाऱ्याचं नाव कुठल्याही रजिस्टरात नसे. बंद लखोट्यात डाव्या अंगठ्याचा ठसा, एवढीच त्याची ओळख.

आमचा एक खबऱ्या तरीवाला होता. एका मोठ्या खबरीचं बक्षीस मिळालं आणि गड्याने घरावरचं गवताचं केंबळ उतरवून मंगलोरी कौलं चढवली. तिथेच फसला. शेजाऱ्याने पडवीत बसून ती कौलं मोजली असावीत. तरीच्या दोन-दोन आण्यांत एवढी कौलं येत नाहीत, हे त्याला कळलं. मग दर पुनवेला तो तरीवाल्याच्या पडवीत येऊन बसे. बोलायचा काहीच नाही. चहा प्यायचा, वर नजर टाकून म्हणायचा, "छान बसलीयत हो कौलं," आणि दहा रुपये घेऊन उठायचा. चार वर्षं चाललं हे. तक्रार करायची कुठे? कौलांचे पैसे कुठून आले, हा पहिला प्रश्न आला असता. शेवटी तरीवाल्याने कौलं उतरवून विकली आणि पुन्हा केंबळ घातलं.

आमच्या हापिसात त्याला म्हणत, "गोचीड लागलीय बिचाऱ्याला." शब्द हवा असेल तर हा घ्या.

मांडवी : काका, गोचीड! मारत नाही, सोडत नाही, रक्तावर जगते. अगदी हेच.

टाकदौत : गोचीड गुराला लागते. नायक काय बैल आहे? आणि लिंगाचं काय करणार? टोळीतला पुरुष 'ती गोचीड' की 'तो गोचीड'?

मांडवी : टोळीची म्होरकी बाईच आहे, त्यामुळे निम्मा प्रश्न सुटला. आणि 'ती व्यक्ती' पुरुषाला चालते की.

पागवाला : माझ्या आजयेच्या म्हशीक लागलेली, चिमट्यान काढूक गेलंय तर तोंड आतच ऱ्हवला. तुझ्या हेराचाय तसाच होतला.

नमनवाला : मी संगमेश्वरचा. मला वेगळंच खटकतंय. हेराची जी खोटी ओळख असते, तिला काय केलंय?

मांडवी : 'आवरण'.

नमनवाला : अरे देवा. आवरण गादीला असतं. 'सोंग' म्हणा! आमच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या रात्रभराच्या लोकनाट्यात, संकासूर येतो, गोमू येते, ती सगळी सोंगं. सोंग घेतात, वठवतात, उतरवतात, सोंग उघडं पडतं. सगळी क्रियापदं तयार आहेत, तुम्हाला फक्त उचलायचीयत. पहाटे रंग पुसताना पाहिलंय मी, बाईचं सोंग घेतलेला गडी तोंडावरचा मुर्दाडसिंग घासून काढताना अर्धा वेळ बाईच्याच आवाजात बोलत असतो. हेराचंही तसंच होत असणार. आणि म्हणच आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तुमची टोळी नेमकं तेच मागते की!

मांडवी : ही म्हण चोरतेय. सहाव्या प्रकरणात जागा आहे.

टाकदौत : सोंग हलकं वाटतं, तमाशातलं. 'तोतया' का नको? तोही कोकणातलाच. पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाचा तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यातच कैदेत होता. 1776 साली सुटला आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याला मिळत गेले. शेवटी आंग्र्यांनी धरला.

कोशकिडा : तोतया दुसऱ्या खऱ्या माणसाचं नाव लावतो. हेर नसलेला माणूस उभा करतो. भाऊसाहेब होते म्हणून त्यांचा तोतया झाला. दारूचा तो व्यापारी मुळात नव्हताच, त्याचा तोतया कसा होणार?

नमनवाला : तोतया म्हणजे तोता ना? पोपटासारखी नक्कल करणारा. माझे मास्तर असंच सांगायचे.

कोशकिडा : तुमच्या मास्तरांनी पिंजरा आधी आणला आणि पोपट नंतर शोधला. पोपट ऐकलेलं बोलतो, स्वतःला मालक म्हणवत नाही.

टाकदौत : व्युत्पत्ती चांगली आहे, उगाच मोडू नका.

कोशकिडा : चांगली आहे म्हणूनच संशय येतो. माझी वहिनी 'पडवी'ची व्युत्पत्ती 'पडून राहण्याची जागा' अशी सांगते. तीही चांगली आहे.

नमनवाला : पण वहिनींचं बरोबर नसेल कशावरून? आमच्या पडवीत दुपारी दुसरं काहीच होत नाही.

टाकदौत : 'हेरभक्षक'वर माझं मत कायम आहे. नोंद असावी.

मांडवी : पहिली पन्नास पानं सोमवारी द्यायचीयत. तूर्त 'गोचिडी' ठेवलंय, वर पेन्सिलीने 'हेरमार'. संपादकांनी दोन्हींवर काट मारली तर परत येईन.

पागवाला : ता ऱ्हवांदे. काका, त्या तरीवाल्याची कौलां मगे कोणी इकत घेतल्यान?

जेटी : शेजाऱ्यानेच. अर्ध्या किमतीत.