प्रवाहच प्लाझ्माला आवळतो

प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू, की त्यातून वीज वाहते. त्यातून मोठा करंट सोडला की तो स्वतःच आवळला जातो, असं म्हटलं की शंका येते: "इतका करंट गेल्यावर तापलेला वायू बाहेरच फुटणार, तो आत कसा दबेल?" ही शंका रास्त आहे. आकाशातल्या विजेत तसंच होतं. मी देवगडचा. मेअखेरीस समुद्रावरून येणारा गडगडाट म्हणजे सुमारे 30,000 अंशांपर्यंत तापलेल्या हवेचा बाहेरचा रेटाच.

पण आत ओढणारं बलही त्याच वेळी असतं. एकाच दिशेने वाहणारे प्रवाह एकमेकांना खेचतात. प्लाझ्माचा दोर म्हणजे शेजारीशेजारी वाहणारे असे असंख्य प्रवाह, त्यामुळे त्यांचंच चुंबकीय क्षेत्र त्या दोराला आवळतं. याला पिंच म्हणतात. 1905 मध्ये ऑस्ट्रेलियात पोलॉक आणि बॅराक्लो यांनी वीज पडून चेपलेली तांब्याची पोकळ नळी तपासली आणि हेच कारण दिलं. धातूची नळी, हो! मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

जाडी तीच ठेवून प्रवाह दहापट केला, तर हा दाब शंभरपट होतो. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या झेड यंत्रात तर सुमारे 2.6 कोटी अँपिअर सोडतात, तेही क्षणाच्या अत्यल्प भागापुरते.

खरी अडचण पुढेच आहे. दोर कुठे किंचित बारीक झाला की तिथलं क्षेत्र वाढतं, मग तो आणखी बारीक होत तुटतो. वाकला तर वळणाच्या आतल्या बाजूला क्षेत्र दाटतं आणि बाक वाढतच जातो. म्हणून अणुसंमीलनासाठी, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जुळवून ऊर्जा मिळवण्यासाठी, "नुसता करंट वाढवा" असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. ब्रिटनच्या झीटा यंत्रातल्या न्यूट्रॉनांवरून 1958 साली अणुसंमीलन साधल्याची बातमी जगभर गेली होती. ते न्यूट्रॉन अशाच अस्थिरतेतून आलेले निघाले.