१९६९ची शेव्हेल: क्वाड्राजेट काढून इंजेक्शन बसवावं का? (माझं मत: बसवावं)

घाटवळण

आधी मत सांगतो, मग शिव्या घाला. गाडी शेव्हरलेची १९६९ची शेव्हेल मालिबू, ३५० घनइंची व्ही-एट, वर रोचेस्टर कंपनीचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारं यंत्र). गाडी असते डेन्व्हरजवळ. कपाटात ठेवायची गाडी असेल तर कार्ब्युरेटरला हात लावू नये. पण चालवायची असेल, आणि तीही डोंगरात, तर सरळ थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसवावं. त्यात कसलंही पाप नाही.

कारण एकच, उंची. डेन्व्हर १६०० मीटरवर आहे. आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघालो की तासाभरात आयझेनहॉवर बोगदा येतो, तो ३४०० मीटरवर. हवा विरळ होत जाते आणि जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीचं, भोक होतं तेवढंच राहतं. पेट्रोल थोडं कमी होतं, पण हवेच्या प्रमाणात नाही. मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त, प्लग काजळी धरतात, चढावर पिकअप मरतो आणि मागच्या गाडीला धुराचा प्रसाद. दर दोन हजार फुटांना जेट एक साइझ लहान, असा इथला ढोबळ हिशोब आहे. मग काय, घाटात थांबून बॉनेट उघडून जेट बदलायचे? आणि परत कॅन्ससकडे उतरलो की उलटी रड, गाडी लीन, म्हणजे पेट्रोल कमी.

इंजेक्शनमध्ये मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजतो, सायलेन्सरच्या पाइपातला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर जळून काय बाहेर पडतंय ते सांगतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, तिथल्या तिथे हिशोब दुरुस्त करतो. होली स्नायपर, फायटेक वगैरे किट कार्ब्युरेटरच्याच जागी चार बोल्टांवर बसतात. हजार-बाराशे डॉलरपासून पुढे. जुना क्वाड्राजेट तेल लावून डब्यात ठेवायचा, उद्या कुणाला वाटलं तर परत बसवता येतो.

बोला.

जुनाट

१९६९ साली कोलोरॅडोत लोक बैलगाडीने फिरत होते काय हो?

क्वाड्राजेटला नावं ठेवायची फॅशनच आहे. "क्वाड्राबॉग" म्हणतात, म्हणजे पेडल दाबलं की गाडी आचके देते. आचके देते कारण वरच्या एअर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा ताण कुणी तपासत नाही. हा कार्ब्युरेटर नीट बघा तरी. पुढची दोन भोकं जेमतेम १ ३/८ इंचाची, म्हणजे साध्या चालीला पेट्रोल बेताचं. मागची दोन सव्वादोन इंचाची. पेडल पूर्ण दाबलं की मागचे फ्लॅप उघडतात, वरचा व्हॉल्व्ह इंजिनाच्या भुकेप्रमाणे हळूहळू कलतो आणि त्याच्याबरोबर मीटरिंग रॉड, म्हणजे पेट्रोलचं भोक कमी-जास्त करणाऱ्या सुया, वर येतात. मागचे रॉड बदलायला एक स्क्रू काढायचा, बाकी काही उघडायचं नाही. इंजिनाला लागेल तेवढीच हवा घेणारं यंत्र साठच्या दशकात, एकाही चिपशिवाय! आणि तो घुमारा. तुमच्या थ्रॉटल बॉडीतून तो येणार नाही.

आता प्रश्न. तुमचा क्वाड्राजेट शेवटचा कधी उघडला होता? तळाचे वेल प्लग (बुचं) गळतात, रात्रभरात कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा बाऊल रिकामा होतो आणि सकाळी स्टार्टर घरघरतो. बाऊलमधला तरंगता फ्लोट पेट्रोल पिऊन जड झाला की लेव्हल वर जाते, गाडी रिच. चोकची (थंड इंजिनासाठी हवा अडवणाऱ्या झडपेची) कॉइल मॅनिफोल्डच्या खड्ड्यात जागेवर आहे का? व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स चालतो का? उंचावर टायमिंगही (ठिणगीची वेळ) थोडं पुढे घ्यावं लागतं, ते घेतलंय? शिवाय पंपावरच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, त्याने मिश्रण तीन-चार टक्के लीन होतं, म्हणजे तुमचा रिचपणा थोडा आपोआपच कमी होतो.

हे काही न बघता बाराशे डॉलर घालणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ही म्हण बहुधा याच धाग्यासाठी जन्माला आली असावी.

शेंगदाणा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अवांतर: ३५०वाली मालिबू म्हणजे मसल कार का? मसल म्हणजे एसएस ३९६, जीटीओ, रोडरनर.

घाटवळण

@शेंगदाणा, असेल तुमचं बरोबर. पण उंची एसएसलाही तेवढीच लागते.

@जुनाट, म्हण आवडली. चोकचं सांगतो: आधीच्या मालकाने अ‍ॅल्युमिनियमचा बाजारातला मॅनिफोल्ड टाकलाय आणि चोकची कॉइल जागेवर नाही. सकाळी सुरू करताना पेडल मारून मारूनच उठवावी लागते. कार्ब्युरेटर मागच्या हिवाळ्यात उघडून झालाय, वेल प्लग इपॉक्सीने बंद आहेत, फ्लोट नवा. तरी बोगदा आहे तिथेच आहे.

अण्णा_ट्रॉय

मिशिगनमध्ये इंजिन कॅलिब्रेशन हेच माझं पोटापाण्याचं काम, म्हणून दोघांनाही थोडं टोचतो.

घाटवळण, तुमचं कारण शंभर टक्के खरं आहे. उंची सतत बदलत असेल तर कार्ब्युरेटर कितीही जुळवला तरी तो एकाच उंचीला बरोबर असतो. पण "चार बोल्टांवर बसतं" हे किटच्या खोक्यावरचं वाक्य आहे. पहिली गोष्ट, क्वाड्राजेट स्प्रेडबोअर (मागची भोकं मोठी), बहुतेक किट स्क्वेअरबोअर (चारही सारखी). एक तर क्वाड्राजेटच्या तळाचं मॉडेल घ्या, नाहीतर अ‍ॅडाप्टर. आणि ते सगळ्यात सोपं काम. खरं काम आहे टाकीत.

तुमचा इंजिनावरचा मेकॅनिकल पंप पाच-सात पीएसआय दाब देतो. या किटना ५८ ते ६० लागतात. म्हणजे इलेक्ट्रिक पंप. तो टाकीबाहेर फ्रेमला लटकवला तर कोकलतो आणि उन्हाळ्यात तापतो, कारण तो पेट्रोल ढकलायला बनवलेला असतो, ओढायला नाही. म्हणून तो टाकीतच हवा. मूळच्या टाकीत बॅफल, म्हणजे पेट्रोलचे हेलकावे अडवणारे आतले पडदे, नसतात. पाव टाकी पेट्रोल असताना घाटातल्या लांब वळणावर पेट्रोल एका कोपऱ्यात जातं आणि पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरला हे कळतही नाही, बाऊलमधल्या साठ्यावर तो निभावून नेतो. इंजेक्शनवाली गाडी मात्र जागच्या जागी बंद. म्हणून टाकी नवी, बॅफलवाली. जास्तीचं पेट्रोल परत टाकीत यायला रिटर्न लाइन. रबरी होज साधा चालत नाही, जे३०आर९ दर्जाचाच लागतो, आणि त्याला साधी जुबली क्लिप नको, फ्युएल इंजेक्शनची गोल कडेची क्लिप हवी. साठ पीएसआयला फुटलेला होज गरम एक्झॉस्टवर काय करेल ते सांगायला नको.

इंजिन बेमध्ये बसवायचा छोटा संप (पंप आत असलेला पेट्रोलचा डबा) मिळतो, टाकी वाचते म्हणून लोक घेतात. इथे ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांच्या मेळ्याला) बंपरला बंपर लागलेल्या गर्दीत पेट्रोल त्या संपातच उकळून बंद पडलेल्या गाड्या मी पाहिल्यात. शेजारी क्वाड्राजेटवालेही उकळत होते म्हणा.

मग वीज. १९६९चा अल्टरनेटर मूळचा ३७ अँपिअरचा. पंप, ईसीयू, इंजेक्टर, वर इलेक्ट्रिक फॅन, हे त्याच्या आवाक्यातलं नाही. पॉइंटवाला (यांत्रिक संपर्काने ठिणगी पाडणारा) डिस्ट्रिब्युटर असेल तर तो काढा, आरपीएमचा सिग्नल स्वच्छ मिळत नाही. ईसीयूचा प्लस आणि अर्थ दोन्ही थेट बॅटरीवर, आणि त्या वायरी प्लगच्या वायरींपासून लांब.

सगळं धरून बाराशेचे तीन हजार होतात, मजुरी वेगळी.

सोनचाफा

अण्णांच्या शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन, पण घाबरू नका.

माझी १९६६ची मस्टँग, २८९ घनइंची, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना तिथे स्मॉग चेक (धुराची तपासणी) लागत नाही, त्यामुळे कायद्याची कटकट नव्हती. बसवून घेतलं एका गॅरेजकडून. पहिले दोन महिने वैताग! सिग्नलला उभी असताना मधूनच आरपीएमचा आकडा पाच हजार दाखवायचा आणि इंजिन गचकून बंद. त्या माणसाने ईसीयूची वायर कॉइलच्या हाय-टेन्शन वायरीला झिप-टायने बांधली होती, दिसायला छान दिसावं म्हणून. ती सोडवून फायरवॉलच्या पलीकडच्या बाजूने नेली, त्या दिवसापासून तक्रार नाही.

आता सुख सांगते. किल्ली फिरवायची, पंप दोन सेकंद गुणगुणतो, स्टार्ट. पेडल मारणं नाही, चोक नाही. गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास नाही. आमचं गॅरेज घराला लागून आहे, त्यामुळे हा मुद्दा नवऱ्यासाठी हॉर्सपॉवरपेक्षा मोठा होता. थंड इंजिनात रिच मिश्रणाने सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जातं, तेही टळलं. मायलेज मात्र फार वाढलं नाही, त्यासाठी कुणी हे करू नये.

जुनाट

बघा, दोन महिने वैताग! कार्ब्युरेटर बिघडला तर एक स्क्रूड्रायव्हर आणि पन्नास डॉलरचं किट. रस्त्यात ईसीयू गेला तर काय करणार, ओवाळणार?

सोनचाफा

तुमच्या मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम रस्त्यात फाटला तर काय करता? टो ट्रकच बोलावता ना? मीही तेच करीन.

फोर_बॅरल

मूळपणाचा मुद्दा काढणाऱ्यांसाठी: इंजेक्शन हे काही परवा आलेलं खूळ नाही. १९५७ला शेव्हरलेने रोचेस्टरचं मेकॅनिकल इंजेक्शन कॉर्व्हेटला दिलं, २८३ घनइंचांतून २८३ हॉर्सपॉवर. म्हणजे ज्या रोचेस्टरचा क्वाड्राजेट, त्याच रोचेस्टरचं इंजेक्शन. बेंडिक्सचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, इलेक्ट्रोजेक्टर, क्रायस्लरने १९५८ला विकलं.

जुनाट

पुढचंही सांगा की. इलेक्ट्रोजेक्टर मोजक्याच गाड्यांना लागला आणि त्यातल्या बहुतेकांना नंतर कार्ब्युरेटर लावून द्यावा लागला. रोचेस्टरचं १९६५ला बंद झालं, कारण मोठं इंजिन स्वस्तात जास्त ताकद देत होतं. नास्कारच्या मुख्य मालिकेतसुद्धा २०११पर्यंत कार्ब्युरेटरच होता.

फोर_बॅरल

आणि २०१२पासून इंजेक्शन. तुम्हीच वाक्य अर्धं सोडता. बेंडिक्सची पेटंटं बॉशने घेतली आणि १९६७ला फोक्सवॅगन १६००वर तेच तंत्र नीट चालवून दाखवलं. कल्पना चुकीची नव्हती, त्या वेळचं इलेक्ट्रॉनिक्स कच्चं होतं.

पानशेत_पॉइंट

पुण्याहून. आमच्या वडिलांचं गॅरेज होतं. मारुती ८००ला २०००च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शन, आलं तेव्हा आळीतले सगळे मेकॅनिक म्हणाले, आता धंदा बुडाला. बुडाला नाही, स्कॅनर आले. २०२०ला बीएस-सिक्समुळे बुलेटचाही कार्ब्युरेटर गेला, तेव्हा पुन्हा तेच रडगाणं. लोकांना सवय होते.

अण्णा_ट्रॉय

पानशेत, फरक आहे. मारुतीचं एमपीएफआय कंपनीच्या लोकांनी त्या एका इंजिनासाठी थंडीत, उन्हात, डोंगरात जुळवून दिलं होतं. हे किट जगातल्या कुठल्याही व्ही-एटवर बसणार, म्हणून ते स्वतः शिकतं. आणि शिकतं कशावरून? एका ऑक्सिजन सेन्सरवरून. हेडरच्या (इंजिनातून धूर नेणाऱ्या पाइपांच्या) गॅस्केटमधून हवा आत येत असेल तर सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं गाडी लीन आहे, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे पेट्रोल ओतत बसतो. मोठ्या कॅमच्या (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या) इंजिनातही आयडलला हीच गंमत. म्हणून आधी गळती बंद, इग्निशन ठीक, मग इंजेक्शन. इथे जुनाट यांचं बरोबर आहे, फक्त त्यांचा निष्कर्ष चुकतोय.

तिसरागिअर

पैसेच घालायचेत तर ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन हळू फिरवणारा वरचा गिअर) घाला! तीन गिअरची ऑटोमॅटिक आणि ३.३१चा एक्सल म्हणजे ताशी ७० मैलांना तीन हजार आरपीएम. ओव्हरड्राइव्हवाला ७००आर४ गिअरबॉक्स टाकलात तर तेच २१००वर येतं. हायवेवर मायलेज त्यातून मिळेल, इंजेक्शनमधून नाही.

जुनाट

शेवटचं विचारतो. उजव्या हेडच्या पुढे इंजिन ब्लॉकवर असलेल्या पॅडवरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो का? जुळत असेल तर मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, सगळं मूळचं शोधून परत लावा. विकताना त्याचे पैसे मिळतात, स्नायपरचे मिळत नाहीत.

घाटवळण

नाही जुळत. इंजिन ३५०च, पण दुसऱ्याच गाडीतलं. त्यामुळे तो प्रश्न मिटला.

एकूण असं करतोय. उंचीचं माझं म्हणणं कायम आहे, ते इथे कुणी खोडलेलं नाही. जुनाट यांनीही त्याला बगल दिली. पण क्रम अण्णांचा. या हिवाळ्यात बॅफलवाली टाकी, आत पंप, रिटर्न लाइन, मोठा अल्टरनेटर आणि एचईआय (पॉइंट नसलेला इलेक्ट्रॉनिक) डिस्ट्रिब्युटर. क्वाड्राजेट तोवर जागेवरच, रेग्युलेटर सहा पीएसआयचा लावून. हेडरची गॅस्केट बदलणार. उन्हाळ्यात बोगद्यापर्यंत नेऊन बघणार आणि मग थ्रॉटल बॉडी मागवून रेग्युलेटर बदलणार. ओव्हरड्राइव्हला बजेट नाही.

जुनाट

एवढं सगळं नीट केल्यावर क्वाड्राजेट इतका गोड चालेल की बाराशे डॉलर वाचतील. लिहून ठेवा.

अण्णा_ट्रॉय

डेन्व्हरमध्ये चालेल. बोगद्यापाशी नाही.

घाटवळण, टाकी मागवताना सेंडर (पेट्रोलची पातळी मोजणारा भाग) ०-९० ओहमचाच सांगा, तुमचा डॅशचा काटा त्याच हिशोबाचा आहे. आणि पंपाच्या वायरीत इनर्शिया स्विच (ठोकर बसली की वीज तोडणारा) टाका, आत्ताच. ईसीयू असला की इंजिन थांबल्यावर तो पंप बंद करतो; तुमच्या गाडीत या हिवाळ्यात ईसीयू नसेल, म्हणजे ठोकर बसली तरी किल्ली चालू असेपर्यंत पंप पेट्रोल फेकतच राहील. ऑइल प्रेशर स्विचमधून रिले घेतलात तर आणखी बरं.