पहिल्या पगाराची शेपटी: तुमचे अनुभव येऊ द्या

ठाणेकर_जुना
परवा भाच्याचं ऑफर लेटर बघत होतो. आधीच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागितल्या, त्यावर तीस टक्के चढवले आणि आकडा दिला. शेजारच्या खुर्चीतला पोरगा तेच काम जवळपास दुप्पट पैशांत करतोय.
मला माझं २००५ आठवलं. ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लोकल २००४च्या अखेरीस सुरू झाली होती. कोपरखैरण्याला उतरून शेअर रिक्षाने महापे, डेटा एन्ट्री, साडेचार हजार. घरी नड होती, बसून राहण्यापेक्षा बरं म्हणून धरली. त्यानंतर चार ठिकाणं बदलली, सगळीकडे पहिला प्रश्न एकच: "सध्या किती घेता?" ते साडेचार हजार अजून माझ्या पगारात बसलेत असं वाटतं. लिहा तुमचेही.

रबाळे_सेकंड_शिफ्ट
तुम्हाला स्लिप तरी होती. मी ११ वर्षं एकाच मशीनवर. ठेकेदार तीन झाले. गेटपासवरचं नाव बदलायचं, फोटो तोच, मिशा काळ्या असतानाचा. ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं भरायच्या आत नवा ठेकेदार हजर. दुसरीकडे मुलाखतीला गेलो तर साहेब म्हणे, "त्या कंपनीत होता हे कुठाय?" कागदावर मी तिथे कधी नव्हतोच.

मिसळप्रेमी
+१
ठाण्यात वागळे इस्टेटला असताना पगाराच्या दिवशी मामलेदारची मिसळ ठरलेली. महिन्यातून एकदाच परवडायची. जाऊ द्या, विषय भरकटला.

रबाळे_सेकंड_शिफ्ट
मिसळप्रेमी, तिखट की मध्यम?

मिसळप्रेमी
मध्यम मागणाऱ्याशी आपण बोलत नाही 😄

कळव्याची_माई
कुकर लावलाय, पटकन लिहिते. खासगी शाळेत होते. खात्यात पूर्ण पगार जमा व्हायचा, दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त रोख काढून ऑफिसात परत द्यायचे. पाकिटावर नाव लिहायचं नाही, पेन्सिलीने फक्त वर्गाची तुकडी. सात वर्षं. गंमत पुढे आहे. नव्या शाळेने पासबुक बघून त्यावर पगार ठरवला! फसवणुकीचा फायदा झालेली मी एकटीच असेन. शिट्टी झाली, येते.

ठाणेकर_जुना
माई 🙏 हसावं की रडावं.

लेथवाला
मी पलीकडच्या बाजूचा, वागळेत छोटं वर्कशॉप आहे. खरं सांगतो, मीही जुना पगार विचारतो. दर आठ महिन्यांनी जागा बदललेली दिसली की अर्ज खाली सरकवतो. ठेक्यामुळे बदलली की स्वतःहून, ते कागदावर कळत नाही. रबाळेभाऊंचं वाचून जरा टोचलं.
पण एक सांगू? आयटीआय करून मीही चिल्लर पगारावर लागलो होतो. फरक एवढाच की उस्तादाने सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला, हात लावू दिला. खोक्यांना टेप लावणाऱ्याला दहा वर्षांनी टेपच लावता येते. कमी पगाराचं एक वेळ चालेल, हातात काही न येणारं काम घेऊ नका.

रबाळे_सेकंड_शिफ्ट
शेठ, निवडायला मिळालं असतं तर टेपच लावली असती का?

लेथवाला
बरोबर आहे. मान्य.

पीएफ_काकू
रबाळेभाऊ, तुमचा पीएफ? युएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, २०१४ला आला, त्याआधी दर ठेकेदाराचा नंबर वेगळा. सगळी जुनी खाती जोडून घ्या. पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते.

रबाळे_सेकंड_शिफ्ट
काकू, दर वेळी काढून खाल्ला. एकदा बहिणीचं लग्न, एकदा घरावरचे पत्रे.

पीएफ_काकू
अरेरे. मग मोजणी पुन्हा शून्यापासून. आत्ताचा तरी काढू नका बाबा.

मिसळप्रेमी
काकू, नावात स्पेलिंग चुकलंय त्याचं काय करायचं? आधारवर वेगळं आहे.

पीएफ_काकू
वेगळा धागा काढा, सांगते.

ठाणेकर_जुना
अपडेट: भाच्याने काल मेल टाकला, स्लिपा देत नाही, कामाचा भाव सांगा. अजून उत्तर नाही. बहीण माझ्यावर चिडलीये, "तूच डोक्यात भरवलंस" म्हणून. ऐरोली आली, उतरतो.