पंपाचा रिले (पंपाला वीज जोडणारा विजेवरचा स्विच) टक् करतो, तरी गाडी पकडत नाही. रिले तपासायचा कसा?

प्रश्न (मागचाहौदा)
पेट्रोल पिकअप, १२ व्होल्ट, पंप टाकीच्या आत. सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. चावी ऑन केली की टाकीतून दोन सेकंद घुंईऽ आवाज यायला हवा, तो कधी येतो, कधी नाही. थंड असताना ठीक, तासभर चालली की त्रास. फ्यूज शाबूत आहे. बॉनेटखालच्या बॉक्समध्ये एकसारखे सहा रिले आहेत आणि झाकणावरचा नकाशा पुसला गेलाय. पंपाचा कोणता ते कसं ओळखायचं? आणि टक् आवाज येत असेल तर रिले चांगलाच म्हणायचा ना?

तारजोड
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. टक् आवाजाने एवढंच कळतं की कॉइल (आतलं विजेवरचं चुंबक) ओढतेय. आतले कॉन्टॅक्ट (पंपाचा करंट जोडणारी टोकं) जळून काळे झाले असले तरी आवाज तसाच येतो.

ओळखायला दोन माणसं लागतील. एकाने चावी ऑन करायची (सेल्फ मारायचा नाही), दुसऱ्याने एकेका रिलेवर बोट टेकवून ठेवायचं. चावी फिरताच टक् आणि दोन-तीन सेकंदांनी परत टक् करतो तो पंपाचा. इंजिन फिरत नसेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पंप बंद करतो, हा दुसरा टक् त्याचाच. मेन रिले (ईसीयूला सप्लाय देणारा) एकदाच ओढतो आणि तसाच धरून राहतो. प्रत्येक वेळी चावी बंद करून अर्धा मिनिट थांबा, लगेच फिरवली तर काही गाड्यांत पंपाला परत सप्लाय मिळत नाही. सहापैकी एकही असं वागला नाही तर डॅशबोर्डखाली बघा, काही गाड्यांत तो तिथे असतो.

हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघता येईल. नुसता आकार जुळून चालत नाही, अंगावरचा नंबर आणि पिनांची आकृती दोन्ही जुळायला हवं.

पाना_दहा_बारा
बाहेर काढून तपासायचं तर पिनांवरचे नंबर बघा: ८५ आणि ८६ ही कॉइल, ३० आणि ८७ हा कॉन्टॅक्ट. पिनांवर १, २, ३, ५ लिहिलं असेल तर १-२ कॉइल, ३-५ कॉन्टॅक्ट. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ५० ते १२० ओहम येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. ३०-८७ मध्ये सप्लायशिवाय कंटिन्युइटी (मीटरवर सलग जोड) आली तर कॉन्टॅक्ट चिकटलेत.

आता कॉइलला १२ व्होल्ट द्या. अंगावरच्या आकृतीत डायोडची खूण असेल तर प्लस-मायनस आकृतीप्रमाणेच जोडा, उलटं झालं तर डायोड उडतो. मग ३०-८७ मध्ये ओहम बघून बरेच जण समाधान मानतात. पण मीटर अगदी नाममात्र करंट सोडतो, त्याला जळका कॉन्टॅक्टही ठीक वाटतो. लोड द्यायलाच हवा. ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब घ्या, तो साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे पंपाच्या जवळपास. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून ३० ला, ८७ वरून बल्ब, बल्बचं दुसरं टोक मायनसला. बल्ब पेटलेला असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवून ३० आणि ८७ च्या मध्ये लावा. ०.१-०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर टाकून द्या. तुमचा त्रास तापल्यावरचा आहे, म्हणून निदान दहा मिनिटं चालू ठेवा आणि मधूनमधून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका.

तारजोड
रिले निघालाच आहे तर सॉकेटही बघून घ्या. ३० वर बॅटरीइतका व्होल्टेज हवा (काही गाड्यांत चावी ऑन केल्यावरच येतो), ८६ वर चावी ऑन असताना. ८५ ला बहुतेक गाड्यांत ईसीयू त्या दोन-तीन सेकंदांपुरता अर्थ (मायनस) देतो. तिथे एलईडीचाच टेस्ट लॅम्प लावा, जाड बल्बचा लावलात तर ईसीयूला झेपेलच असं नाही. अर्थ येतच नसेल तर दोष रिलेत नाही, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा) किंवा इमोबिलायझरकडे (चोरीविरोधी लॉक) जा.

मीटरची जाड सुई सॉकेटमध्ये खुपसू नका. पितळी पाती फाकतात, मग नवा रिलेही सैल बसतो, तापतो आणि महिन्याभरात तीच रड. रिलेच्या पिनेएवढंच रुंद पातं आत घाला. ३० आणि ८७ मध्ये १५ अँपिअर फ्यूजवाली वायर जोडल्यावर पंप फिरला तर पुढची लाइन ठीक. पण ती वायर तशीच ठेवून गाडी चालवायची नाही. इंजिन बंद पडलं, अपघात झाला, तरी पंप पेट्रोल ढकलतच राहतो.

मागचाहौदा
दोनदा टक् करणारा सापडला. कॉइल ८२ ओहम. बल्ब लावल्यावर सुरुवातीला ०.०७ व्होल्ट, आठव्या मिनिटाला १.८, आणि बल्ब पिवळा पडला. टक् आवाज मात्र पहिल्यासारखाच!

पाना_दहा_बारा
म्हणजे कॉन्टॅक्ट किंवा पिनेचा सांधा गेला. १.८ व्होल्ट तिथे अडतोय म्हणजे सात-आठ वॅट उष्णता त्या इवल्याशा डबीत. झाकण उघडून पिनांच्या मुळाशी सोल्डरभोवती बारीक गोल चीर दिसते का बघा. दिसली तरी परत सोल्डर करत बसू नका, त्याच नंबरचा नवा घाला.

बसवण्याआधी फ्यूजवाल्या वायरच्या मध्ये अँमीटर घेऊन पंपाचा करंट मोजा. मीटरचं १० अँपिअरचं भोक वापरा. ४ ते ७ च्या आसपास असेल तर निश्चिंत. ९-१० घेत असेल तर पंप जड झालाय किंवा फिल्टर तुंबलाय, नवा रिलेही तसाच जळेल.